विचारणाऱ्याचे शब्द

काकांना संगणक सुरू करता येत नव्हता. बंदही करता येत नसे. त्यांच्यासाठी म्हणून ऑफिसात एक संगणक ठेवला होता, त्यावर ते आपली टोपी ठेवत. तरीही बुरहानपूरच्या राजपुरा भागातल्या आमच्या दोन खोल्यांमधून आम्ही जे काही इंटरनेटवर टाकत होतो, त्यातलं लोकांना जे सापडायचं ते बहुतेक त्यांनी सांगितलेल्या मथळ्यामुळे सापडायचं. आज हे मी नव्या मुलांना सांगते तेव्हा ती हसतात. पहिले दोन महिने मीही हसले होते.

आमची वेबसाइट छोटीच होती. अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. मंडीतले केळीचे भाव, पाण्याच्या वेळा, कोणत्या दवाखान्यात कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो, शेतीची थोडी माहिती, गावच्या बातम्या. मी कृषी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडले होते आणि शेतीचं पान माझ्याकडे होतं. ऑफिसात सगळे ज्यांना काका म्हणत, त्यांचं काम एकच. आम्ही लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला मथळा द्यायचा.

त्याआधी ते सत्तावीस वर्षं बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले होते. सरकारी बस बंद झाल्या आणि ते घरी बसले. आमचे मालक म्हणायचे, बुरहानपुरातल्या माणसांना काय हवं असतं ते दोघांनाच ठाऊक, एक देव आणि दुसरा तो खिडकीतला माणूस. देव काही नोकरीला येणार नाही, म्हणून दुसऱ्याला विचारलं.

माझा पहिला लेख घेऊन मी त्यांच्यासमोर बसले तो दिवस मला चांगला आठवतो. वर मी लिहिलं होतं, ‘केळीवरील कुकुंबर मोझॅक विषाणूचे एकात्मिक व्यवस्थापन’. काकांनी कागद घेतला नाही. खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि विचारलं, “खिडकीवर कोण आहे?”

मला वाटलं कोणी आलंय. मी मागं वळून पाहिलं.

“तिकडे नाही. तुह्या लेखाच्या खिडकीवर. कोण येऊन उभा राहिला?”

“शेतकरी,” मी म्हणाले.

“त्याले या रोगाचं नाव माहीत आहे?”

“नसेल बहुतेक.”

“मग तो हे नाव घेऊन तुह्याकडे कसा येईल? ज्याले नाव माहीत आहे त्याले अर्धं उत्तर मिळालेलं आहे. तो येत नाही. ज्याले नाव माहीत नाही तो येते. तो काय म्हणून राहिला, ते बोल.”

 मला चार वर्षं नावंच शिकवली होती. शेवटी डोळे मिटून मामाच्या शेतातला सालदार गडी आठवला, आणि तो जसा बोलला असता तसं काहीतरी बोलले. काकांनी खुर्ची पुन्हा माझ्याकडे फिरवली. “हे लिही,” ते म्हणाले. मथळा झाला, ‘केळीच्या कोवळ्या पानावर पिवळे पट्टे येत आहेत, हा हरण्या रोग आहे का? झाड उपटावं का?’

मला लाज वाटली. माझ्या प्राध्यापकांनी हे पाहिलं तर काय म्हणतील, असं वाटलं. पुढच्याच आठवड्यात रावेरहून एका माणसाचा फोन आला. त्यानं रात्रंदिवस फोनवर शोधलं होतं, त्याच्या मुलानं शोधलं होतं, आणि शेवटी त्याच्याच मनातला प्रश्न त्याला कोणीतरी लिहिलेला दिसला. “बाई, तुमी माह्या वावरात येऊन गेल्या का?” तो म्हणाला. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

काकांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी वही असे. लोक कसं विचारतात ते त्यात लिहिलेलं असे, जसंच्या तसं, चुकांसकट. दवाखान्याच्या रांगेत ते आजारी नसताना उभे राहत. नंबर जवळ आला की मागच्याला पुढं जाऊ देत आणि स्वतः पुन्हा शेवटी जात. मंडीत केळीच्या गाड्यांजवळ, तहसील कचेरीच्या ओट्यावर, फोन दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीसमोर, सगळीकडे त्यांना उभं राहिलेलं लोकांनी पाहिलेलं होतं.

एकदा शनवारा दरवाज्याजवळ मी आईबरोबर भाजी घेत होते, तर काका एका पेरूवालीला विचारत होते, “राजपुऱ्याले कसं जायचं?” काका जन्मले राजपुऱ्यात, राहतही होते राजपुऱ्यात. पेरूवालीनं हातवारे करून सांगितलं, त्या दरवाज्यातून आत, मग मशिदीपाशी न वळता सरळ, मग जिथं सूत रंगवतात तिथं कोणालाही विचार. काकांनी मान हलवली, दोन पावलं पुढं जाऊन हीच गोष्ट एका रिक्षावाल्याला विचारली. आई मला म्हणाली, “तुमच्या काकांचं डोकं ठिकाणावर आहे ना गं?”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “पाच जणांना विचारलं. पाचांपैकी एकानंही रस्त्याचं नाव सांगितलं नाही. आपण पत्ता लिहितो तेव्हा रस्त्याचं नाव लिहितो. कोणासाठी लिहितो आपण?” आणि मग दवाखान्यांच्या सगळ्या पत्त्यांमध्ये आम्हाला ‘सूत रंगवतात त्याच्या पुढे’ अशा ओळी घालाव्या लागल्या. दहा दिवस गेले त्यात. पण त्यानंतर ‘कुठं आलं हे?’ असं विचारणारे फोन बंद झाले.

काही शब्दांवर त्यांचा राग होता. ‘जाणून घ्या’ मथळ्यात आलं की म्हणत, “तो जाणायलेच आला आहे. त्याले काय सांगून राहिली?” ‘थक्क व्हाल’ असं कोणी लिहिलं तर ते काही न बोलता उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहत, आणि तो शब्द खोडला असं सांगितल्याशिवाय आत येत नसत. मालकांनाही एकदा असंच बाहेर येऊन तसं सांगावं लागलं होतं.

आणि मथळ्यात जे आहे ते आत असलंच पाहिजे, याबाबतीत ते कोणाचंच ऐकत नसत. मोतीबिंदूच्या शिबिराची बातमी होती. आमच्यातल्या एकानं लिहिलं, ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट’. काकांनी आतला मजकूर वाचून दाखवायला लावला. तपासणी फुकट होती. ऑपरेशनचं काही ठरलेलं नव्हतं. “खकनारहून एखादी म्हातारी नातवाच्या हाताला धरून येईल,” ते म्हणाले. “दोन गाड्या बदलून. इथं आल्यावर तिले काय सांगायचं, की मथळा चांगला दिसत होता म्हणून लिहिला?” मग मथळा झाला, ‘डोळ्यांची तपासणी फुकट, ऑपरेशनचं अजून ठरलं नाही’. तो कमी लोकांनी उघडला. काका म्हणाले, बरोबर तेवढ्यांनीच उघडला.

मी तिथं असतानाच एकत्रीकरण सुरू झालं. इंदूरच्या एका मोठ्या कंपनीनं आमच्यासारख्या जिल्ह्याजिल्ह्यातल्या लहान साइट घेतल्या आणि त्या सगळ्यांची एक करायला काढली. ते काम दोन-तीन वर्षं चाललं. आमची मराठी आणि हिंदी पानं एका छताखाली गेली, मथळ्यांचे नियम इंदूरहून यायला लागले, आणि शेवटी राजपुऱ्यातलं ऑफिस बंद होऊन मी इंदूरला गेले. काका गेले नाहीत. आता तर ते या जगातही नाहीत. पण त्या मधल्या दोन-तीन वर्षांतलंच मला सांगायचं आहे.

सुरुवातीला इंदूरहून एक प्रशिक्षक आला. लोक सर्चमध्ये काय टाकतात हे दाखवणारं एक साधन त्याच्याजवळ होतं. त्यानं पडद्यावर बुरहानपूर निवडलं आणि यादी उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, “थांबा जरा.” त्यांनी वही न काढता आठ प्रश्न मला लिहून घ्यायला सांगितले. पहिला होता, केळीचा आजचा भाव. दुसरा, लालबाग स्टेशनवर कोणती गाडी किती वाजता. असे आठ. मग प्रशिक्षकानं यादी उघडली. आठांतले सहा त्या यादीत होते. एक तर त्याच चुकीच्या स्पेलिंगसकट होता, जे काकांनी मला मुद्दाम तसंच लिहायला लावलं होतं. प्रशिक्षकानं माझ्या हातातला कागद घेतला. त्यानं विचारलं, “ये आपको कैसे पता?” काका म्हणाले, “पूछते हैं लोग.” दुसरं काही त्यांना सांगता आलं नाही.

पण तो प्रशिक्षक परत गेला आणि नियम आले. मथळा इतक्याच अक्षरांचा. आधी जिल्ह्याचं नाव, मग घटना. प्रश्नचिन्ह नको. काकांनी नियम ऐकून घेतले. आपलं काम ते पूर्वीसारखंच करत राहिले, आणि इंदूरचे लोक ते मथळे पूर्वीसारखेच बदलत राहिले.

अशात एका दुपारी डोईफोडियाचा प्रल्हाद आमच्याकडे आला. चाळिशीचा, शेती करणारा, पायांना चिखल तसाच. आईला डोळे दाखवायला शहरात आणलं होतं. दवाखान्यात तो पावतीच्या रांगेत उभा राहिला, मागं वळून पाहिलं तर आई बाकावर नाही. दोन दिवस झाले होते. पोलिसांत सांगून झालं होतं. त्याच्याकडे आईचा फोटो होता आणि कोणाकडून तरी लिहून आणलेला कागद, ‘सर्वांना कळविण्यात येते की, श्रीमती द्रौपदाबाई, वय अंदाजे पंच्याहत्तर...’

काकांनी कागद बाजूला ठेवला आणि त्याला बसवून पाणी दिलं.

“आई नाव सांगते का आपलं?”

“आताशा नाही सांगत. विसरते. विचारलं तर म्हणते, मी गणूची माय.”

“गणू कोण?”

“माहा मोठा भाऊ. मी व्हायच्या आधीच गेला तो, लहानपणीच. मी त्याले पाहिला नाही.”

“आणि गाव? डोईफोडिया म्हणते?”

 “नाही. डोईफोडिया नाही म्हणत. जैनाबादले जायचं म्हणते. तापीच्या पल्याड. तिचं माहेर होतं तिथं. आता कोणी नाही.”

“कशी म्हणते? तिच्यासारखं म्हण.”

त्या चाळिशीच्या माणसानं डोळे पुसले आणि आईसारखं म्हणून दाखवलं. “‘मले पल्याड जाऊ दे रे. जेनाबादले.’ ती जेनाबाद म्हणते.”

काकांनी तेही वहीत लिहिलं. मग माझ्याकडे वळले. “बेटा, हा ज्याचं माणूस हरवलं त्याच्या बाजूनं लिहून राहिला. नाव, वय, गाव. पण ज्याले ती सापडेल त्याले यातलं काय माहीत असेल? काहीच नाही. त्याच्यासमोर एक म्हातारी आहे आणि ती दोनच गोष्टी बोलून राहिली. तो त्या दोन गोष्टीच शोधेल. तिथं आपण असलो पाहिजे.”

मथळा त्यांनी सांगितला आणि मी लिहिला: ‘“मी गणूची माय”, “तापीच्या पल्याड जेनाबादले जायचं” असं म्हणणारी म्हातारी तुमच्याकडे आली आहे का? तिचं घर बुरहानपूरजवळ डोईफोडियाला आहे’. त्याखाली तेच हिंदीत, आणि जैनाबाद, जेनाबाद, झैनाबाद, गनू, गन्नू, जितक्या तऱ्हेनं परक्या माणसाच्या कानावर पडेल तितक्या तऱ्हेनं.

तासाभरात इंदूरनं मथळा बदलला. ‘बुरहानपूर: डोईफोडियाची वृद्धा बेपत्ता, कुटुंबीय चिंतेत’. खालच्या त्या सगळ्या ओळीही काढल्या. मी फोन केला. तिकडून सांगितलं, “मॅडम, ये टाइटल है या चिट्ठी?”

पुढचे चार दिवस प्रल्हाद रोज येत होता. काही विचारत नसे. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसे आणि पाच वाजले की गावाकडच्या गाडीला जाई. काका वरून जिन्याकडे पाहत आणि पुन्हा खुर्चीत बसत. त्या चार दिवसांत त्यांनी एकाही लेखाला मथळा दिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “पहिल्याचं झालं नाही अजून.”

पाचव्या दिवशी ते मला म्हणाले, “उद्या सकाळी इंदूरच्या गाडीनं जाऊन येऊ. तुले यावं लागेल. मले तिथं कोणाशी बोलायचं ते माहीत नाही.”

घाट चढून, खंडव्याला चहा घेऊन आम्ही दुपारी पोहोचलो. काचेचं ऑफिस, थंडगार. मथळ्यांचा जो प्रमुख होता तो तिशीतला तरुण होता, वागायला नीट. त्यानं काकांना बसायला सांगितलं. काका बसले नाहीत. सगळं बोलणं हिंदीतच झालं.

“साहेब,” काका म्हणाले, “एक म्हातारी तुमच्या दाराशी आली आहे. नाव सांगत नाही. म्हणते, मी गणूची माय. म्हणते, मला जेनाबादला जायचं, तापीच्या पल्याड. तुम्ही भला माणूस आहात, तिला घरी पोहोचवायचं आहे. हा तुमचा संगणक आहे. काय टाकाल?”

तरुण हसला. मग काकांचा चेहरा पाहून हसायचा थांबला. त्यानं टाइप केलं. पडद्यावर गुजरातमधलं एक जैनाबाद आलं, आणखी कुठलं तरी एक आलं, कोणा गन्नूचं दुकान आलं. त्यानं शब्द बदलून पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. खाली खाली जात राहिला. आमची बातमी कुठंच नव्हती. कशी असेल? तिच्यात त्या म्हातारीचा एकही शब्द राहिला नव्हता.

“तुमची बातमी चांगली आहे,” काका म्हणाले. “पण ती फक्त म्हातारीच्या मुलाला सापडेल. त्याला तर हे सगळं माहीतच आहे.”

 आजूबाजूची दोन-चार माणसं ऐकत होती. तरुणानं उठून मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, “आप लिख दीजिए, जैसा था वैसा.” मी तिथंच बसून लिहिलं. त्यानं आपल्या हातानं ती बातमी वर लावली आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं. काकांनी त्याला नमस्कार केला. मग कुठं ते खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

परतताना संध्याकाळच्या गाडीत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी त्याआधी कोणाला सांगितली नव्हती असं मला वाटतं. खिडकीतली त्यांची पहिली-दुसरी वर्षं. एक माणूस आला, खांद्यावर तापलेलं पोर. म्हणाला, मोठ्या दवाखान्याची गाडी कोणती? काका म्हणाले, त्या नावाची गाडी नसते, गावाचं नाव सांग. त्याला गावाचं नाव माहीत नव्हतं. त्याला कोणीतरी एवढंच सांगितलं होतं, मोठ्या दवाखान्यात ने. तो बाजूला होऊन उभा राहिला. मागं रांग होती. खंडव्याची गाडी त्याच्यासमोरून निघून गेली, ती त्याचीच होती. थोड्या वेळानं काकांच्या डोक्यात प्रकाश पडला, मोठा दवाखाना म्हणजे खंडव्याचा. खिडकी सोडून ते धावत बाहेर आले. तो माणूस तिथं नव्हता.

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही. पुढं काय झालं ते मले कधीच कळलं नाही.” ते खिडकीतून बाहेर बघत होते. “त्याची चूक नव्हती. त्यानं बरोबर विचारलं होतं. मले ऐकू आलं नाही.”

 दवाखान्याच्या रांगेत विनाकारण उभं राहणारा, पेरूवालीला स्वतःच्या घरचा रस्ता विचारणारा हा माणूस लोकांना वेडसर वाटे. मलाही अधूनमधून वाटे. त्या गाडीत पहिल्यांदा मला त्यांच्यापुढं आपण फार लहान आहोत असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सुरतेहून. तिथल्या एका निराधार वृद्धांच्या आश्रमात जेवण वाढणाऱ्या ताई बोलत होत्या. मूळच्या अमळनेरकडच्या. आठवड्यापूर्वी कोणीतरी स्टेशनवरून एका म्हातारीला आणून सोडलं होतं. ती सारखी म्हणे, तापीच्या पल्याड जायचं. आता सुरतेलाही तापीच. आश्रमाच्या लोकांनी तिला रिक्षात घालून पुलापलीकडच्या सगळ्या वस्त्या दाखवल्या, घरोघर विचारलं. म्हातारी प्रत्येक घरासमोर मान हलवी. शेवटी ताईंनी भाकरी थापता थापता विचार केला, की ही बोलते ती बोली तर आपल्याकडची आहे. हात धुतले आणि ती जे म्हणते तेच फोनवर टाकलं.

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, ती बरी आहे का, जेवते का, असं विचारतील. तेही विचारलं, पण नंतर. आधी म्हणाले, “ताई, तुमी काय टाकलं होतं? अक्षर अन् अक्षर सांगा.” ताईंनी सांगितलं, काकांनी लिहून घेतलं: गणूची माय जेनाबाद. खिडकीत जाऊन त्यांनी खाली प्रल्हादला हाक मारली. तो पायरीवर होताच. वर आल्यावर त्याला काय सांगायचं ते त्यांना सुचेना, म्हणून फोनच त्याच्या कानाला लावला. पलीकडून ताईंनी आईला जवळ आणलं असावं. प्रल्हाद एकच शब्द बोलला, “माय.” आणि जमिनीवर बसला.

आई सुरतेला कशी पोहोचली ते कोणालाच नीट कळलं नाही. प्रल्हाद जाऊन तिला घेऊन आला. त्याच तासाला काकांनी मला मथळा बदलायला लावला, ‘गणूची माय घरी पोहोचली’. कारण कोणीतरी अजून तिला शोधत असेल. इंदूरच्या त्या तरुणानं त्यानंतर दर आठवड्याला काकांना फोन करायला सुरुवात केली. एकदा तो बुरहानपूरला आला आणि काकांच्या मागं दवाखान्याच्या रांगेत दोन तास उभा राहिला. पण नियम पूर्ण बदलले असं मात्र झालं नाही. काही बदलले.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं डोईफोडियाला गेलो. द्रौपदाबाई अंगणात बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या, चेहरा मात्र लख्ख. प्रल्हाद म्हणाला, “माय, हे ते काका. तू हरवली होती ना, यांनी तुले शोधलं.”

त्यांनी काकांकडे पाहिलं. “मी कुठी हरवली होती?” त्या म्हणाल्या. “मी जेनाबादले चालली होती.”

प्रल्हाद हसला, त्याची बायको हसली. काका हसले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “माय, जेनाबादले काय आहे?”

“गणू,” त्या म्हणाल्या.

प्रल्हादचा चेहरा बदलला. त्याला भाऊ होऊन गेला एवढंच माहीत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असणार, आणि मूल गेलं तेही तिथंच, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. घरात त्याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादनं गाडी केली आणि आम्हालाही बरोबर घेतलं. जैनाबादला उतरल्यावर त्याच्या आईला धरावं लागलं नाही. घरांच्या मधून, गोठ्यांच्या मागून ती सरळ नदीकडे निघाली. तिचं माहेरचं घर लागलं असेल तर तिनं तिकडे पाहिलं नाही. काठावर येऊन थांबली. पलीकडे शहराच्या जुन्या भिंती दिसत होत्या. गेलेल्या तान्ह्या मुलांना तिथं काठच्या वाळूत पुरत. तिनं बोट दाखवलं.

“माय, तिथं तर पाणी आहे,” प्रल्हाद म्हणाला.

“तवा नव्हतं,” ती म्हणाली.

ती पाण्याच्या कडेला बसली. ओल्या वाळूवर हात ठेवला आणि हलक्या हातानं थोपटू लागली. प्रल्हाद तिच्यामागं उभा होता, काय करावं ते न कळून.

काका आणि मी लांब उभे होतो. ते हळू आवाजात म्हणाले, “आठ दिवस आपण सगळे ती कुठं गेली ते विचारून राहिलो होतो. ती कुठं निघाली ते ती पहिल्या दिवसापासून सांगून राहिली होती. मी ते माह्या हातानं मथळ्यात घातलं. लोकांना वाचायला दिलं. मी वाचलं नाही.”

मी काहीतरी बोलणार होते, की तुमच्यामुळेच ती सापडली. पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, वाळूतून चालत गेले आणि द्रौपदाबाईंजवळ, थोडं अंतर ठेवून, खाली बसले.

“केवढा होता, माय?” त्यांनी विचारलं.

स्वतःचं नाव विसरलेल्या त्या बाईला एक क्षणही लागला नाही. “एकवीस दिवसांचा,” ती म्हणाली, आणि थोपटत राहिली.